दोष क्रमांक ३१२

सहा वर्षांच्या वणवणीनंतर स्वमग्न हातिमला कैरोत मनाजोगं काम मिळालं. सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचे, नोंदवायचे. फक्त रोज अकराला मॅनेजर रऊफ पाहुणे आणून त्याच्या खुर्चीमागे उभे करायचा.

"बोलतो का हा?"

"बोलायला कशाला हवंय, पाशा? नजर बघा त्याची. मारा पाठीवर थाप, काही करत नाही तो."

थाप पडायची, फोटो निघायचे, दुपारपर्यंत हातिमच्या हातून एकही नोंद व्हायची नाही. तोंडाने सांगणं जमेना. शेवटी त्याने रीतसर नोंद केली.

दोष क्रमांक ३१२: पाहुणे मागे उभे राहतात.
परिणाम: काम बंद पडतं.
केव्हा: रोज.

संध्याकाळी रऊफचा शेरा आला: "दोष नाही. ठरवल्याप्रमाणेच चालू आहे. नोंद बंद."