नेमकं कुठे?

उद्यापासून प्रत्येक आजाराची नोंद नव्या कोडनं करायची होती, त्यामुळे डॉक्टरबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. जुन्या यादीतलं ‘इतर’ आता बाद. दुखणं नेमकं हवं, तेही डावं-उजवं सांगून, नाहीतर कॉम्प्युटर पुढे सरकतच नव्हता. आणि सरावाला पहिलेच समोर येऊन बसले ते दर आठवड्याचे आजोबा.

“कसंतरीच होतंय हो, डॉक्टरबाई.”

“अहो आजोबा, ‘कसंतरीच’ला कोड नाही या मेल्याकडे! डावीकडे होतं की उजवीकडे?”

आजोबा जरा विचारात पडले. “डावीकडे.”

बाईंनी घाईघाईनं स्टेथोस्कोप कानाला लावला. “छातीत?”

“छातीत नाही हो, पलंगावर. आमची ही त्या बाजूला झोपायची.”