उस्तादांचं वय

“आजोबा, जिना चढताना दम लागतो का?” मुलीनं विचारलं.

“कोण आजोबा? चल अंगणात! खांद्यावर पाइप घेऊन पळून दाखवतो. नुसतं बघून तुला दम लागेल!” उस्ताद ताडकन उठले.

“हरलात,” मुलगी म्हणाली. “बसा. परत पहिल्यापासून.”

अग्निशमन केंद्रात सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांनाच मिळणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण निवड समितीनं पन्नाशी उलटलेल्यांना आधीच बाजूला काढलं. निवृत्तीला आलेल्यांना आता काय नवीन शिकवायचं, म्हणे! उस्तादांच्याच हाताखाली तयार झालेली एक तरुण अधिकारी प्रमुख झाली. उस्तादांनी वयावरून डावलल्याची तक्रार केली, आणि आज तिची सुनावणी होती. प्रमुख म्हणून निवृत्त व्हायची ही शेवटची संधी.

भीती एकाच गोष्टीची होती. लोकांच्या घरची आग विझवणाऱ्या या माणसाच्या नाकावर राग कायम मुक्कामाला. म्हणून सकाळी सकाळी मुलगी वकील होऊन त्यांना डिवचत होती.

“नवीन यंत्रं तुम्हाला झेपतील का?”

उस्तादांनी दात आवळले. “आजवर आलेलं प्रत्येक यंत्र आधी मीच चालवलंय. मग इतरांना शिकवलंय.”

“वा! असंच. आवाज न चढवता.”

उस्ताद हळूच म्हणाले, “त्या बाईंचं वाईट वाटतं गं. त्यांनी काय पाप केलंय?”

“उस्ताद!” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. ऑफिसातलं ऑफिसात, घरातलं घरात, हा तिचा कायदा. ऑफिसातल्या कुणाचा विषय घरात निघालाच, तर तो पदानं आणि परक्यासारखाच निघायचा. कायदा मोडला की ती नवऱ्याला उस्ताद म्हणायची.

मुलगी मात्र उत्तर देऊन मोकळी झाली. “त्या बाईंनी जागा सोडली, तरी ती दुसऱ्या तरुणालाच जाणार. तुम्हाला मिळायची तर वयाची ही आडकाठीच मोडायला हवी. आणि त्यांची काळजी कशाला? त्यांच्यापुढं अख्खी नोकरी पडलीय.”

“पण त्यांना खाली उतरवायचं...”

“शिडीवरून उतरायला तुम्हीच शिकवलंय ना त्यांना? उतरतील नीट.” तिनं घड्याळ बघितलं, घाईनं बूट चढवले. “निघते मी. मला आधी पोचायचंय. आणि कुणी आजोबा म्हणालं की हसायचं!”

अग्निशमन मुख्यालयातली सुनावणीची खोली खच्चून भरली होती. पाळी संपवून आलेले जवान गणवेशातच भिंतीला टेकून उभे होते. नव्या प्रमुख बाई खात्याच्या बाजूला, पहिल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. उस्तादांनी तिकडं बघायचं टाळलं.

खात्याचे वकील उठले. “या वयात नातवंडं खेळवायची सोडून हे कसलं वेड, आजोबा?”

जवानांनी श्वास रोखले. आता भडका!

उस्ताद हसले. चक्क हसले. “नातवंडं अजून नाहीत, साहेब. झाली की नक्की खेळवीन. तोवर केंद्र सांभाळतो.”

खोलीत खसखस पिकली. वकिलांनी पुढं खूप खोदून बघितलं, पण उस्तादांचा आवाज काही चढेना. तरीही खात्याचं म्हणणं एकच होतं, की निवड कामावरून झाली, वयाचा काही संबंध नाही. आणि ते खोटं ठरवणार कोण? मुलाखतीच्या खोलीत उस्तादांना तर कुणी बोलावलंच नव्हतं.

अध्यक्षांनी प्रमुख बाईंकडं बघितलं. “हे तुम्हाला विचारणं बरं दिसत नाही. पण मुलाखत तुम्ही दिलीत. काय विचारलं होतं?”

बाई उभ्या राहिल्या. “वय विचारलं. मी सांगितलं. ‘छान, पुष्कळ वर्षं मिळतील तुमची,’ म्हणाले. झालं.”

“कामाचं काहीच नाही?”

“नाही. विचारलं असतं तर बरंच झालं असतं. मला जे येतं ते यांनी शिकवलंय. आणि यांना येतं ते सगळं मला अजून येत नाही.”

वकील उसळलेच. “बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?”

“झालं ते सांगितलं.”

“याचा परिणाम काय होईल, कळतंय ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“कळतंय.”

उस्तादांची मान खाली गेली. अध्यक्ष उठून आत गेले, आणि चहा गार व्हायच्या आत परतले. निवड रद्द. वयाची अट बेकायदा. सगळ्यांत ज्येष्ठ आणि लायक म्हणून केंद्राचा ताबा आजपासून उस्तादांकडं. बाई आपल्या जुन्या जागेवर, त्यांच्या हाताखाली.

मग जो गलका उठला! टोप्या उडाल्या, शिट्ट्या घुमल्या. जवानांनी उस्तादांना खांद्यावर घेतलं आणि जिन्यावरून थेट आवारात आणलं. बंबाच्या ड्रायव्हरला राहवेना, त्यानं सायरनच वाजवला. उस्ताद हसत होते, रडत होते, “अरे पाडाल मला!” म्हणून ओरडत होते. इतका आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता.

तेवढ्यात बाई दारातून बाहेर आल्या. सायरन थांबला. जवानांनी उस्तादांना खाली उतरवलं आणि सगळे बाजूला सरकले. कुणाला कुठं बघावं कळेना.

बाई समोर येऊन थांबल्या. खाड्कन सलाम ठोकला. “अभिनंदन, साहेब.”

उस्तादांनी सलाम घेतला, पण वर गेलेला हात काही खाली येईना.

बाईंनी तो हात धरून हळूच खाली घेतला.

“ड्यूटी संपली, बाबा,” त्या म्हणाल्या. “घरी चला, आई वाट बघतेय.”