सुटा ताईत

जपानातल्या इझुमोच्या देवळात मी लग्नगाठीचे ताईत विकायला बसते. पाकिटात दोन असतात: लाल नवरीचा, निळा नवऱ्याचा. फुजिएआजी दर नववर्षाला मुलासाठी पाकीट नेतात आणि जुनं, न उघडलेलं, होमात जाळायला परत आणतात. यंदा मी म्हटलं, "आजी, देवाचा पिच्छा सोडा आता!" "देवानं केव्हाच ऐकलंय गं. मलाच दिसलं नाही." "म्हणजे सून आली? आम्हाला पत्ताच नाही!" त्यांनी नव्या पाकिटातला लाल ताईत माझ्याकडे सरकवला. "हा बदलून निळा दे." "सुटा मिळत नाही, आजी. कुणाला हवाय?" "पोराबरोबर राहतो ना, तो सुतार. इतकी वर्षं त्याला भाडेकरू समजत होते." मी दुसरं पाकीट फोडलं. दोन्ही निळे रुमालात बांधून आजी गेल्या. उरलेले दोन लाल मी एकाच पाकिटात घालून विक्रीला मांडले.