हात न लावता

केशरी टोपीवाली बाई वाकली, टरबुजांच्या गाडीशेजारी छत्रीखाली ठेवलेल्या टोपलीत डोकावली, बाळाच्या डोळ्यांकडे बोट दाखवून आपल्या भाषेत काहीतरी गोड बोलली आणि हात न लावताच निघून गेली.

आन्तिओकाची सुरी टरबुजात तशीच राहिली. भाषा परकी असली तरी कौतुक कळतंच. आणि कौतुक केलं की बाळाला हात लावायचा, नाहीतर दृष्ट लागते, हे सार्डिनियात शेंबड्या पोरालाही ठाऊक. "अहो बाई, हात लावा," ती ओरडली, पण तोवर टोपी किनाऱ्यावरच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती. गिऱ्हाइकं खोळंबली होती. आन्तिओका टरबुजं कापत राहिली आणि छत्रीची सावली टोपलीवरून सरकत गेली.

दुपार कलायच्या आत एफिझ तापला. आधी किरकिरला, मग दुधाची बाटली ढकलू लागला, मग गप्प झाला. एरवी या किरकिऱ्या नातवाला ती दिवसभर शिव्या घालायची. आता त्याने एकदा तरी भोकाड पसरावं म्हणून त्याच्या तळपायांना गुदगुल्या करत होती. त्याचे डोळे अर्धवट मिटले होते आणि अंगाला हात लाववत नव्हता.

शेजारी मासळीची तीनचाकी लावून बाकीझ उभा होता.

"काकी, उन्हाची झळ लागली असेल. बसा गाडीत, दवाखान्यात सोडतो."

"ती केशरी टोपीवाली कुठे गेली?"

"ते जोडपं? जुनं शहर बघायला गेलं. मलाच रस्ता विचारला त्यांनी. का?"

"मग तिकडे हाण."

"दवाखाना इकडे आहे, काकी."

"मला शिकवू नकोस. दृष्ट उतरल्याशिवाय डॉक्टर काय कपाळ करणार?"

"मारियांजेलाला कळलं तर तुमच्याबरोबर मलाही सोलून काढेल."

तो खोटं बोलत नव्हता. सकाळी हॉटेलात कामाला जाताना लेकीने, मारियांजेलाने, पोर सोपवून बजावलं होतं, आई, काही झालं तर आधी डॉक्टर, मग तुझे मंत्र. तिठ्यावर बाकीझने गाडी हळू केली आणि तिच्याकडे पाहिलं. आपलं चुकलं तर? तरी तिने डावीकडे, पडक्या शहराकडे हात केला.

दारावरचा माणूस तिकीट, तिकीट म्हणून ओरडत राहिला. समुद्राच्या कडेला दोन जुने खांब अजून उभे आहेत, तिथे ती बाई फोटोसाठी उभी होती. काळ्या कपड्यांतली म्हातारी पोर पुढे धरून धावत येतेय हे पाहताच तिचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने पिशवीतून वाळूने भरलेली बाटली काढली आणि तिथेच उपडी केली. इथली वाळू नेणाऱ्याला दंड होतो. नवरा मध्ये आला.

"दंड भरतो," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "पोलीस नको."

"चुलीत गेली तुमची वाळू." आन्तिओकाला धाप लागली होती. "हात लावा. याला हात लावा."

नवऱ्याला शब्द कळले, मतलब कळला नाही. बाईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. आन्तिओका जन्मात कोणापुढे वाकली नव्हती. ती त्या दगडगोट्यांत गुडघे टेकून बसली.

"तुम्ही कौतुक केलंत. हात नाही लावलात. पोर जाईल हो माझं."

नवऱ्याने जमेल तसं समजावलं. बाईने बिचकत हात पुढे केला, एफिझच्या कपाळावर ठेवला, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती नवऱ्याकडे वळून भराभरा बोलू लागली. पोर भाजतंय, हे कळायला आन्तिओकाला दुभाष्या लागला नाही.

तिला वाटलं होतं, हात लागला की तो डोळे उघडेल. त्याने उघडले नाहीत. तेव्हा ती खरी घाबरली.

परक्यांच्या गारेगार गाडीत बाकीझ पुढे बसून रस्ता दाखवत होता आणि नवरा वेड्यासारखी गाडी पळवत होता. मागे बाई डाव्या हाताने ओला रुमाल बाळाच्या मानेवर, काखेत फिरवत होती. उजवा हात आन्तिओकाने त्याच्या कपाळावरून उचलू दिला नव्हता. मघाचा तिठा मागे पडला. आन्तिओकाने तिकडे बघायचं टाळलं. आपण इथून सरळ गेलो असतो तर एव्हाना डॉक्टरने पोराला हातात घेतलं असतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने एफिझच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास बोटाला जाणवत होता, पण किती थोडा.

बाई हळूच काहीतरी म्हणाली. नवऱ्याने आरशातून मागे पाहिलं.

"ती विचारते, हे तिच्यामुळे झालं का?"

आन्तिओकाने वर बघितलं. दुपारपासून ती हिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बाईचे डोळे भरले होते.

"नाही म्हणावं," आन्तिओका म्हणाली. "उन्हामुळे झालं. मीच ठेवलं त्याला उन्हात."

आणि तिने तो हात एफिझच्या कपाळावर आणखी घट्ट दाबून धरला.