तो की ती

काव्यवाचनाचा कार्यक्रम सुरू व्हायला आला, तरी अनुवादक शमीम मुजावरला एका शब्दाने घोर लावला होता. फारसीत 'तो' आणि 'ती' एकच. मराठीत ठरवावंच लागतं. इराणी कवयित्री महनाजबाईंची ओळ तिने अंदाजाने उतरवली होती: 'दार उघडंच ठेवलंय, तो येईल.'

पडद्याआड तिने धीर करून विचारलंच, "बाई, हा प्रियकरच ना?"

महनाजबाईंचा चेहरा उतरला. "माझी मुलगी आहे ती. तुरुंगात. तिच्याबद्दल बोलले हे तिकडे कळलं, तर तिचे हाल होतील."

'ती' लिहायला उचललेलं पेन शमीमने खाली ठेवलं.

मंचावर तिने 'तो येईल' असंच वाचलं. प्रेमकविता समजून लोकांनी दाद दिली. महनाजबाईंनी शमीमचा हात घट्ट धरला. टाळ्या थांबल्या, तरी त्यांनी तो सोडला नाही.