उलटा फ्रॉक

भाचीला ऑटिझम आहे, हे घरच्यांनी स्वीकारलं होतं. आजोबांना मात्र ते नुसते लाड वाटायचे. नवा फ्रॉक अंगात चढवला की पोरगी किंचाळायची आणि तो शिवणारी तिची मावशी हिरमुसायची. मामाच्या लग्नादिवशी मावशीने आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं, कपाळावर हात मारला आणि फ्रॉक उलटा करून घातला. भाची चक्क गिरक्या घ्यायला लागली! फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "अहो, फ्रॉक उलटा घातलाय." पाहुण्यांत खसखस पिकली. मावशीच्या कामाची अब्रू चव्हाट्यावर आली, तरी ती ठसक्यात म्हणाली, "मुद्दाम घातलाय. शिवण टोचते तिला." आता आजोबा कडाडणार, असंच सगळ्यांना वाटलं. आजोबांनी कोट काढला, उलटा केला, पुन्हा चढवला. "बाबा, हे काय?" मावशीने विचारलं. "मलाही लहानपणापासून टोचतं गं," भाचीशेजारी उभे राहत ते म्हणाले, "पण सांगायचं असतं, हे ठाऊक नव्हतं."