चौथं पेडल

"अजून वाजतेय शिट्टी!" म्हणत उत्तराने तिसरंही इक्वलायझर पेडल बाजूला सारलं. काउंटरवर तिची पितळी परात होती, पाठीला माइक चिकटवलेली. उद्याच्या प्रायोगिक संगीताच्या कार्यक्रमात परातीवर उलथनं घासून ती तासभर वाजवणार होती. पण परातीच्या घुमण्याआडून एक बारीक शिट्टी काही केल्या जात नव्हती.

दुकानदार मुजावरकाकांनी चौथं पेडल जोडलं. तिने एकेका सुरपट्टीचा स्लायडर खाली ओढला, वर नेला, पुन्हा खाली ओढला. "ही काय! तुम्हाला ऐकू येत नाही?"

"ताई, माइकच्या शिट्ट्या बंद करण्यात माझं उभं आयुष्य गेलं. इथं शिट्टी नाही."

"मग तुमचा स्पीकरच खराब आहे!" ती उसळली आणि तिने वायर उपटून काढली. परात गप्प झाली, स्पीकरही गप्प झाला. शिट्टी मात्र वाजतच राहिली.

तिने डाव्या कानावर तळवा दाबला, तर ती आणखी जवळ आली. काकांनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

पाणी तसंच ठेवून तिने वायर पुन्हा खुपसली. परात माइकसकट स्पीकरसमोर धरून ती एक स्लायडर हळूहळू वर चढवत गेली, स्पीकरमधून उठलेली शिट्टी कानातल्या शिट्टीशी जुळेपर्यंत. तंबोऱ्याची तार लावावी तशी.

मुजावरकाकांनी दोन्ही कान झाकून घेतले. "अहो, बंद करा! आता येतेय ऐकू!"

"हेच पेडल द्या," उत्तरा म्हणाली.